पावणेचार वाजताची पाकोळी

दिवाळी अंकासाठी अमेरिकन नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरवर लिहाल का, असा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. सव्वीस वर्षं मी मुंबईत एका बँकेच्या संगणक विभागात कोबोल या भाषेत प्रोग्रॅम लिहिले. सुरुवातीला ऐंशी घरांच्या कोडिंग शीटवर, पेन्सिलीनं. सातव्या घरात तारा काढला की ती ओळ म्हणजे नुसती टीप, आठव्या घरापासून परिच्छेदाचं नाव, बाराव्यापासून वाक्य. हो, वाक्यच. 'अॅड इंटरेस्ट टू बॅलन्स' आणि पुढे पूर्णविराम. यंत्राशी माणसाच्या शब्दांत बोलता आलं पाहिजे, हा हट्ट जिनं धरला ती ही बाई, एवढं मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिचा नौदलाच्या गणवेशातला एक फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचा. निवृत्त झाले त्या दिवशी काच उचलून तो घरी आणला.

त्यामुळे लेख दोन संध्याकाळींत झाला. शोधायला काही लागलंच नाही. सगळं तोंडपाठ होतं. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, सातव्या वर्षी घरातली गजराची सात घड्याळं उघडून बसली, येलमधून गणितात पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री, नवरा युद्धात गेला, १९४५मध्ये यंत्रात पतंग अडकला आणि तिनं जगाला बिघाडासाठी 'बग', म्हणजे किडा, हा शब्द दिला, पुढे कोबोलला जन्म दिला, शेवटी अॅडमिरल झाली. मजकूर पाठवला आणि चिवड्याच्या तयारीला लागले.

आठ दिवसांनी प्रूफं आली. या अंकाची प्रूफं अण्णा वाचतात. पंच्याहत्तरी उलटलेली, गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेले. संगणक त्यांनी कधी हाताळलेला नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या दोनतीन चुका निघतील असं मी धरून चालले होते. शुद्धलेखनाच्या चुका दोनच होत्या. पण समासात पेन्सिलीची चौदा प्रश्नचिन्हं होती, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात एकेक ओळ.

पहिली ओळ अशी: "पान २ वर बाई १९४६पर्यंत मार्क १ यंत्रावर. पान ३ वर १९४५ला मार्क २ यंत्रात पतंग. कोणतं यंत्र?"

मार्क १ आणि मार्क २ ही हार्वर्ड विद्यापीठातली सुरुवातीची संगणकयंत्रं. मी फोन लावला. म्हटलं, "अण्णा, ही गोष्ट जगभर छापून आलेली आहे."

"असेल की. म्हणून तर खोडलं नाही, नुसतं विचारलंय. ताई, तुमच्याच दोन पानांचं एकमेकांशी जुळत नाहीये."

त्या वाक्यानं मी जागी झाले. बँकेत आम्ही दुसरं काय करत होतो? शाखेची बेरीज आणि मुख्यालयाची बेरीज जुळली नाही तर कोण मोठा आहे हे बघत नव्हतो, व्हाउचर बघत होतो. मग इथलं व्हाउचर कुठलं?

ते आहे. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या यंत्राची नोंदवही जपून ठेवली आहे आणि त्या पानाचं छायाचित्र कोणालाही बघता येतं. मी ते आयुष्यात शंभर वेळा पाहिलं असेन. वाचलं मात्र पहिल्यांदाच, अक्षर अन् अक्षर, पडद्यावर मोठं करून. रेघांचा कागद. वर तारीख ९/९. सकाळी आठला एक काम सुरू केल्याची नोंद, दहाला थांबवल्याची. मध्ये लांबलचक दशांश अपूर्णांक. अकराला कोसाइनची टेप लावली. तीन पंचविसाला बेरीज-गुणाकाराची चाचणी. आणि १५४५, म्हणजे दुपारी पावणेचार: पॅनेल एफ, रिले (विजेनं उघडझाप होणारी कळ) क्रमांक ७०, रिलेमध्ये पतंग. त्याच्याखाली पारदर्शक चिकटपट्टीनं लावलेला तो कीटक, पंख थोडे विस्कटलेले. आणि खाली एक ओळ, जिचा मराठीत अर्थ होतो: बग सापडल्याचा हा पहिलाच खराखुरा प्रसंग. साडेचारला काम पुन्हा सुरू, पाचला बंद.

वरच्या तारखेत दिवस आहे, महिना आहे, वर्ष नाही. चुकीला दार तिथेच उघडं राहिलं. पण त्या पानावरचं यंत्र टेपा चालवतंय, त्याच्या चाचण्या होताहेत, म्हणजे ते उभं आहे. मार्क २ हे यंत्र हार्वर्डमध्ये नौदलासाठी बांधलं गेलं आणि १९४८मध्ये व्हर्जिनियातल्या डाल्ग्रेनच्या तोफचाचणी केंद्रात गेलं. १९४५च्या सप्टेंबरात ते अजून उभं राहायचं होतं. जे यंत्रच नाही त्याच्या सत्तराव्या रिलेत पतंग शिरणार कसा? तारीख आहे ९ सप्टेंबर १९४७. स्मिथसोनियनही १९४७च सांगतं. मी मात्र काचेखालच्या फोटोच्या मागे स्वतःच्या हातानं १९४५ लिहून ठेवलेलं होतं.

अण्णांचा दुसरा प्रश्न याच परिच्छेदावर होता: "शब्द तिनं दिला म्हणता. मग 'पहिलाच खराखुरा' असं का लिहिलंय?"

ही ओळ मी वर्षानुवर्षं भाषणात सांगत आले आणि तिचा अर्थ एका खिळे जुळवणाऱ्या माणसानं मला दाखवला. शब्द आधीपासून वापरात असल्याशिवाय 'खराखुरा' म्हणण्यात गंमत उरत नाही. यंत्रातल्या बारीकसारीक बिघाडाला अभियंते फार आधीपासून बग म्हणत होते. टॉमस एडिसननं १८७८च्या एका पत्रात तो शब्द याच अर्थानं वापरला आहे. सत्तेचाळीसच्या त्या दुपारी इतकंच झालं की रोज तोंडात असलेला शब्द सहा पायांनी समोर आला. शिवाय पतंग हॉपरबाईंना सापडलेलाच नव्हता. यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींना तो सापडला, आणि ही गोष्ट त्या स्वतः मोकळेपणानं सांगायच्या. त्यांनी ती जपली, जन्मभर सांगितली, तिच्यात जीव ओतला. 'सापडला' खोडून मी 'सांगितला' केलं.

याच परिच्छेदानं आणखी एक घोळ घातला. चित्रकारानं मजकूर हाती यायच्या आधीच फोनवर विषय ऐकून चित्र काढलं होतं, आणि यंत्राच्या कपाटात अडकलेला त्याचा पतंग कागदी होता, शेपटीसकट. मराठीत दोन्ही पतंगच, त्याचा काय दोष. मग मी सगळीकडे पाकोळी केलं. अण्णांना हा शब्द आवडला. त्यांच्या आजीच्या तोंडचा म्हणाले, कंदिलाभोवती यायच्या त्या.

नवऱ्याबद्दलचं प्रश्नचिन्ह मात्र मला दोन दिवस पुरलं.

मी लिहिलं होतं: १९४५मध्ये पती युद्धात कामी आले आणि ते दुःख गिळून तिनं स्वतःला यंत्राला वाहून घेतलं. समासात अण्णांचं: "नाव? कुठल्या आघाडीवर?"

नाव व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर. १९३०मध्ये लग्न. आघाडीवर नव्हे, न्यूयॉर्क विद्यापीठात. इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. १९४५मध्ये झाला तो घटस्फोट. गृहस्थ १९७६पर्यंत हयात होते. तिनं पुन्हा लग्न केलं नाही, हॉपर हे आडनाव ठेवलं. १९४५ या सालाला घटस्फोटाऐवजी मृत्यू चिकटला आणि एका लेखातून दुसऱ्यात उतरत गेला. युद्धाचं शेवटचं वर्ष, नौदलातली बाई, पुढे एकटीच राहिलेली. कुणाला शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

पण दुसरं अर्धं वाक्य कुणाचं होतं? दुःख गिळून यंत्राला वाहून घेतलं, हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. ते माझं होतं. डिसेंबर १९४३मध्ये ती नौदलाच्या राखीव दलात दाखल झाली. वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा पंधरा पौंड कमी, त्यासाठी खास सवलत घ्यावी लागली. जुलै १९४४मध्ये हार्वर्डला मार्क १ यंत्रावर रुजू झाली. माझ्या वाक्यात कारण १९४५चं आणि परिणाम १९४४चा, असं झालं होतं. एवढी साधी वजाबाकी मी केली नव्हती, कारण वाक्य वाचायला बरं वाटत होतं. विधवा बाईनं काम करून नाव काढलं ही गोष्ट आपल्याकडे ऐकणाऱ्याला पटकन पटते. घटस्फोटित बाईला मात्र आपण काहीतरी निमित्त शोधून देतो. मी माझ्या आवडत्या बाईवर हेच करून बसले होते. एका जिवंत प्राध्यापकाला मारून तिच्या बुद्धीला दुःखाचं कारण जोडलं होतं. तिला गणित आवडत होतं, यंत्र आवडत होतं, तिला तिथे जायचं होतं. एवढं पुरेसं आहे. परिच्छेद पूर्ण काढला. जागी दोन ओळी आल्या: लग्न १९३०, घटस्फोट १९४५.

येलचं लवकर निपटलं. हॉपरची पीएच.डी. १९३४ची. पण शार्लट बार्नम यांना येलनं गणितातली पीएच.डी. १८९५मध्येच दिली होती, आणि मधल्या काळात इतर काहीजणींनाही. 'पहिली' हा शब्द काढला. मग मी लेखातले सगळे 'पहिली' शोधले. नऊ निघाले. त्यातले दोन राहिले. मार्क १ यंत्रावरची ती पहिली प्रोग्रॅमर, असंही लिहिलं होतं. तिच्या आधी रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक तिथे होते, ती तिसरी. एकावन्न फूट लांब, आठ फूट उंच असं ते धूड तिसरीच्या वाट्याला आलं आणि तिनं त्याची पाचशे एकसष्ट पानांची पुस्तिका तयार केली, त्यातला बराचसा भाग स्वतः लिहून. पहिली म्हणण्यापेक्षा हे जास्त सांगतं असं मला वाटतं.

कोबोल. इथे अण्णांचं प्रश्नचिन्ह नव्हतंच. इथे मलाच थांबावंसं वाटलं, कारण सव्वीस वर्षं मी तिला कोबोलची आई म्हणत आले होते आणि आता स्वतःच्या कुठल्याच पाठांतरावर माझा भरवसा उरला नव्हता.

जे निघालं ते असं. १९५२च्या सुमाराला तिनं ए-० नावाची प्रणाली केली. आधीच लिहून ठेवलेले कामाचे तुकडे यंत्रानं स्वतःच शोधून एकत्र गुंफायचे, ही त्यातली कल्पना. यंत्र प्रोग्रॅम लिहू शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. मग फ्लो-मॅटिक, ज्यात व्यवहाराच्या हिशेबासाठी सरळ इंग्रजी शब्द वापरता आले. १९५९च्या एप्रिलमध्ये बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकारानं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एक छोटी बैठक झाली, तिला हॉपर होत्या. मे महिन्यात पेंटागॉनमध्ये मोठी बैठक झाली आणि सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा करायचं ठरलं. ती भाषा प्रत्यक्ष बसून रचली एका समितीनं. शेवटचा मसुदा सहाजणांनी पुरा केला: विल्यम सेल्डन, गर्ट्रूड टियर्नी, हॉवर्ड ब्रॉमबर्ग, हॉवर्ड डिस्काउंट, व्हर्नन रीव्हज आणि जीन सॅमेट. या सहांत हॉपर नाहीत. त्या सल्लागार होत्या आणि फ्लो-मॅटिकमधून कोबोलनं भरपूर घेतलं. जीन सॅमेट यांनी पुढे स्पष्टच म्हटलं आहे की हॉपर यांना कोबोलची जननी म्हणणं बरोबर नाही.

मी ही सहा नावं वहीत उतरवली आणि बराच वेळ बघत बसले. ज्या भाषेवर माझं घर चाललं, मुलींची शिक्षणं झाली, तिच्या कर्त्यांपैकी पाचजणांची नावं मी त्या दिवसापर्यंत ऐकलेलीही नव्हती. नोकरीत एकदा माझ्या हातून एक पूर्णविराम ओळभर खाली गेला होता. कोबोलमध्ये 'जर' असं म्हटलं की ती अट पूर्णविरामापर्यंत चालते. त्यामुळे जी ओळ सगळ्या खात्यांना लागू व्हायची ती अटीच्या पोटात गेली आणि मोजक्याच खात्यांना लागली. चाचणीतच पकडलं, कुणाचं नुकसान झालं नाही. एका बाईच्या नावाखाली ही सहा माणसं अशीच पोटात गेली होती. मी कधी चाचणीच घेतली नव्हती. लेखात सहाही नावं घातली. संपादकबाई म्हणाल्या, जागा नाही, दोन ठेवा. मी घड्याळांचा परिच्छेद देऊन नावं राखली.

हुद्द्यांचं कोष्टक अण्णांनीच करायला लावलं. १९६६ अखेर ती कमांडर म्हणून निवृत्त. ऑगस्ट १९६७मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं आणि ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले. १९७३ कॅप्टन. १९८३ कमोडोर. १९८५मध्ये त्या हुद्द्याचंच नाव बदलून रिअर अॅडमिरल झालं. मी '१९८३मध्ये अॅडमिरल' लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं. १४ ऑगस्ट १९८६ला बॉस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या जुन्या लढाऊ जहाजावर तिचा निरोप समारंभ झाला. वय कॅलेंडर घेऊन मोजलं: एकोणऐंशी वर्षं, आठ महिने, पाच दिवस.

या कोष्टकावरून अण्णांनी विचारलं, "एवढ्या हुद्द्याची बाई, आणि तुम्ही 'ती' लिहिता?" प्रश्न रास्त होता. मला ती जवळची म्हणून 'ती'. वाचणाऱ्याला का जवळची असावी? शेवटी असं ठरलं की बालपण आणि शिक्षण 'ती', गणवेश अंगावर चढल्यापासून 'त्या'. आणि लग्नाआधी ग्रेस मरे, कारण व्हॅसर कॉलेजात शिकणारी मुलगी हॉपर नव्हतीच. इथे घरच्यासारखं सांगतेय, म्हणून बहुतेक ठिकाणी 'ती'च राहू दिलंय.

एक मोह शेवटपर्यंत सुटत नव्हता. तिच्या नावाची युद्धनौका आहे, 'हॉपर', १९९७मध्ये सेवेत आलेली. तिचा क्रमांक ७०. आणि पाकोळी सापडली तो रिले ७०. मी वाक्य लिहूनही टाकलं होतं: नौदलानं त्या रिलेची आठवण ठेवली. पण त्या वर्गातल्या नौकांचे क्रमांक एक्कावन्नपासून ओळीनं आलेले आहेत, एकोणसत्तरनंतर सत्तर. योगायोग आहे. मीच कापलं, अण्णांपर्यंत जाऊ न देता.

दुसरी प्रूफं घ्यायला मी स्वतः गिरगावात गेले. कागदी पतंगाच्या जागी आता काय छापायचं हा प्रश्न होता, तेव्हा मी तार सुचवली. हॉपरबाई व्याख्यानात टेलिफोनच्या तारेचे तुकडे वाटायच्या. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात वीज जास्तीत जास्त जितकं अंतर कापू शकेल तितका तो तुकडा, ११.८ इंच. मायक्रोसेकंद दाखवायला त्या जवळजवळ हजार फूट तारेचं भेंडोळं उचलून धरायच्या. उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो, असं अॅडमिरलांनी विचारलं की हाच तुकडा दाखवायचा: इथून उपग्रहापर्यंत असे किती बसतात बघा.

मी घरून एक तुकडा कापून नेला होता, जुन्या फोनच्या तारेचा, फोटो काढण्यासाठी. अण्णांनी तो टेबलावर सरळ केला, अंगठ्यानं दाबून धरला आणि खणातून स्टीलची पट्टी काढली.

"मजकुरात किती लिहिलंय?"

"जवळपास तीस सेंटिमीटर."

ते पट्टीवर वाकले. चष्मा वर केला. "ही साडेएकोणतीस भरतेय, ताई."

मी पिशवीतून उरलेली तार काढली आणि त्यांच्याकडे कात्री मागितली.